२००८ च्या मंदीनंतर अमेरिकेने एवढा पैसा निर्माण केला, तरी महागाई का भडकली नाही?

कारण तो पैसा बाजारात फिरलाच नाही. फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, डिसेंबर २००८ मध्ये व्याजदर जवळजवळ शून्यावर आणला आणि पुढे रोखे खरेदी करत आपला ताळेबंद, म्हणजे आपल्याकडची एकूण मालमत्ता, २००८ च्या मध्यातील सुमारे ९० हजार कोटी डॉलरवरून २०१४ अखेर साडेचार लाख कोटी डॉलरपर्यंत नेला. परंतु या खरेदीतून निर्माण झालेली रक्कम बहुतांशी बँकांच्या फेडरल रिझर्व्हकडील राखीव खात्यांतच पडून राहिली.

आमच्या सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा व्यापारी कर्ज काढतो, ते केवळ व्याज स्वस्त झाले म्हणून नव्हे, तर माल खपेल अशी खात्री वाटते म्हणून. मागणीच नसेल तर बँकेने कितीही कमी दराने पैसे देऊ केले तरी तो गोदाम भरणार नाही. अमेरिकेत तर घरकर्जांच्या ओझ्याखाली दबलेली कुटुंबे नवे कर्ज घेण्याऐवजी जुने फेडत होती.

नोव्हेंबर २०१० मध्ये काही अर्थतज्ज्ञांनी खुल्या पत्राद्वारे महागाईचा इशारा दिला होता, तो पुढील दशकात खरा ठरला नाही. मात्र त्यावरून पैसा आणि भाव यांचा संबंधच नाही असे मानणे मला तितकेच चुकीचे वाटते. २०२०-२१ मध्ये अमेरिकी सरकारने थेट नागरिकांच्या खात्यांत रक्कम जमा केली, त्याच वेळी पुरवठ्याच्या साखळ्या विस्कळीत झाल्या, पुढे युक्रेन युद्धामुळे इंधनही महागले, आणि जून २०२२ मध्ये तिथली महागाई ९.१ टक्क्यांवर पोहोचली.