गव्हाला युरिया टाकल्याने जमिनीतले चांगले जिवाणू मरतात का? ॲझोटोबॅक्टर लावलं तर युरिया बंद करता येईल का?

नाही मरत. "युरियाने जमीन मेली" हे वाक्य मी माझ्या थोरल्या चुलत्यांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आलोय, आणि तेच चुलते दर उन्हाळ्यात गव्हाचं काड पेटवून देतात, म्हणून हे उत्तर लिहायला बसलो.

आमची शेती निफाड तालुक्यात, वाटण्या झालेल्या, मधे फक्त बांध. हार्वेस्टर फिरला की मागे उभं काड राहतं, भुसा करून घ्यायला वेळेवर मशीन मिळत नाही, रान मोकळं करायची सगळ्यांनाच घाई, मग लावतात काडी. एका वर्षी चुलत्यांनी भर दुपारी वारं सुटलेलं असताना लावली आणि आग बांध ओलांडून आमच्यात आली, गुंडाळून ठेवलेली ठिबकची बंडलं जळून गेली. भरपाई आम्ही मागितली नाही, आईने मागू दिली नाही. पण त्याच संध्याकाळी ओट्यावर बसून ते चार लोकांत म्हणाले की रानात आता जीव राहिला नाही, सगळा युरियाने खाल्ला. ते मला आजपर्यंत विसरता आलेलं नाही.

अहो, युरिया पिकाच्या तोंडी लागतो तोच जिवाणूंमुळे. जिवाणूंच्या युरिएज नावाच्या विकरामुळे युरियाचं अमोनियम होतं, मग नायट्रोसोमोनास, नायट्रोबॅक्टर ही मंडळी त्याचं नायट्रेट करतात आणि गहू मुख्यतः तेच उचलतो. युरियाचा दाणा पडतो तिथे थोडे दिवस अमोनिया साचतो आणि तेवढ्या टिचभर जागेतले जिवाणू दबतात हे खरं, पण ते परत वाढतात. त्यांची उपासमार होते ती सेंद्रिय कर्ब, म्हणजे काड, मुळं, शेणखत कुजून मातीत राहणारा कार्बन, संपल्याने, आणि तो कर्ब आपण काडी लावून धुरात घालवतो.

त्या आगीनंतर मी आमच्या रानात काडी लागू दिली नाही. काडावर एकरी अर्धी गोणी युरिया आणि एक गोणी सुपर फॉस्फेट फेकायचं, पाणी द्यायचं, वाफसा आला, म्हणजे ओल मशागतीजोगी झाली, की रोटाव्हेटर. चुलते बांधावरून ओरडले, काडाला कुणी खत घालतं का! घालावं लागतं. गव्हाच्या काडात कर्ब नत्राच्या साधारण 80 पट असतो, कुजवणाऱ्या जिवाणूंना वाढायला नत्र लागतं, बाहेरून मिळालं नाही तर ते जमिनीतलं ओढून घेतात आणि पुढचं पीक सुरुवातीला पिवळं पडतं. म्हणजे चुलते ज्याला जिवाणूंचा काळ म्हणतात तोच युरिया त्यांना वाढायला लागतो. आज मोठा पाऊस झाला तरी आमच्यात पाणी मुरतं, बांधापलीकडे तळं होतं, कुणीही येऊन बघावं.

माझ्यावर विश्वास नसेल तर इंग्लंडचं रॉथमस्टेड हे शेती संशोधन केंद्र बघा. तिथे ब्रॉडबाल्क शेतात 1843 पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे. नुसतं रासायनिक नत्र दिलेल्या पट्ट्यांत सेंद्रिय कर्ब काहीच खत न दिलेल्या पट्टीपेक्षा थोडा जास्तच आहे, कारण पीक जोमदार येतं आणि मुळं, धसकटं जास्त राहतात. शेणखत पडत आलेल्या पट्टीत मात्र तो दुपटीहून जास्त. मग शेणखत टाका, काड गाडा, युरियाला शिव्या देऊन काय होणार?

ॲझोटोबॅक्टरचं, म्हणजे हवेतलं नत्र धरणाऱ्या जिवाणूचं म्हणाल तर बियाण्याला लावा, पण त्याच्या भरवशावर युरिया बंद करू नका. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला शिफारस हेक्टरी 120 किलो नत्राची आहे, एकरी 48, आणि तेवढं हा जिवाणू देऊ शकत नाही. शिवाय जमिनीत नत्र भरपूर असलं की तो हवेतलं नत्र धरायचं काम थांबवतो, आणि कर्ब नसला तर त्याला काम करायला ताकदच नाही. तरी उगवण आणि मुळं चांगली होतात म्हणून आम्ही लावतोच, 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम, तेवढंच पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू. आधी बुरशीनाशक, मग हे जिवाणूंचं कल्चर, सावलीत सुकवून लगेच पेरणी. पुड्यावरची तारीख बघून घ्या, दुकानात पत्र्याखाली तापलेलं घेऊ नका.

युरिया निम्मा पेरताना, निम्मा 21 दिवसांच्या आसपास पहिल्या पाण्याला, मुकुटमुळं फुटतात तेव्हा. वरून फेकला तर लगेच पाणी द्या, नाहीतर आमच्यासारख्या चुनखडीच्या काळ्या रानात बराचसा अमोनिया होऊन उडून जातो. शिफारशीपेक्षा जास्त टाकाल तर गहू लोळतो, तांबेऱ्यालाही बळी पडतो. चुलते स्वतः मोकळ्या हाताने टाकतात आणि गहू आडवा झाला की पावसाला दोष देतात.

हे सगळं आमच्या भारी जमिनीचं सांगितलंय. जमीन क्षारपड असेल तर आधी माती तपासून निचऱ्याचं बघा. मुरमाड असेल तर नत्र दोनऐवजी तीन हप्त्यांत द्या, एकदम दिलेलं पाण्याबरोबर खाली निघून जातं. आणि डीएपी किंवा 10:26:26 अशी नत्र असलेली दुसरी खतं टाकणार असाल तर त्यातलं नत्र हिशोबातून वजा करा.