गेममध्ये नाव नाही, पत्रावर हुद्दा भलताच: नोटीस पिरियडमध्ये काय करायचं

तुमची पोस्ट वाचताना एकेक ओळ ओळखीची वाटत गेली. पुण्यातला आउटसोर्सिंग स्टुडिओ, परदेशी क्लायंटचा कन्सोल गेम, तीन वर्षं लेव्हल डिझाइन, म्हणजे गेममधल्या एकेका टप्प्याची आखणी. आता राजीनामा दिलाय, गेम यायला पाच-सहा महिने आहेत, आणि एचआर म्हणतंय, ‘क्रेडिट क्लायंट ठरवतो, आमच्या हातात काही नाही.’ (क्रेडिट म्हणजे गेममध्ये दिसणारी, तो बनवणाऱ्यांच्या नावांची यादी.) त्यात अपॉइंटमेंट लेटरवर हुद्दा ‘असोसिएट – ऑपरेशन्स’. तुमचा प्रश्न आहे की पुढे सीनियर डिझायनर व्हावं की प्रोड्यूसरकडे, म्हणजे काम तडीस नेणाऱ्या बाजूकडे, वळावं. त्यावर खाली लिहिते, पण तो निर्णय सहा महिन्यांनीही घेता येईल. नोटीस पिरियड संपला की एचआर तुमचा फोनसुद्धा उचलणार नाही, म्हणून आधी त्याबद्दल.

युनिटी की अनरियल (गेम बनवायची सॉफ्टवेअर), कोर्स करावा का, पोर्टफोलिओची साइट कशी बनवायची, हे सगळं तुम्हाला ठाऊक असणार असं धरून चालते.

एचआरचं ते वाक्य मलाही ऐकवलं होतं, अगदी याच शब्दांत. मी तेव्हा एका स्टुडिओत (नाव लिहीत नाही, विचारू नका) असाच एक मोठा गेम करत होते. काही वर्षांनी दुसऱ्या कंपनीत प्रोड्यूसर झाले आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले, तेव्हा कळलं की बहुतेक ठिकाणी यादी कशी बनते. गेमचा कंटेंट लॉक व्हायच्या, म्हणजे नवं काही घालणं थांबायच्या, सुमारास क्लायंटची प्रोडक्शन टीम प्रत्येक व्हेंडरला (आपल्यासारख्या आउटसोर्सिंग स्टुडिओला) एक एक्सेल शीट पाठवते. रकाने साधे असतात: स्क्रीनवर दिसावं तसं नाव, भूमिका, विभाग. व्हेंडर ते भरून परत पाठवतो आणि ते जवळजवळ जसंच्या तसं गेममध्ये जातं. काही क्लायंट नावांवर मर्यादा घालतात, काही फक्त कंपनीचं नाव टाकतात, हेही खरं. पण ‘आमच्या हातात काही नाही’ हे मात्र फार क्वचित खरं असतं.

आमच्या बाबतीत तर ते साफ खोटं होतं. हैदराबादला आयजीडीसीत (गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत) त्याच क्लायंटकडचा एक माणूस भेटला, त्याला सहज विचारलं. तो म्हणाला, तुमच्याकडून यादी आली तशीच आम्ही लावली. त्या यादीत अ‍ॅडमिनचे साहेब होते, अकाउंट्सचे प्रमुख होते, ज्यांनी गेम एकदाही उघडला नसेल. राजीनामा दिलेल्यांची नावं ऑफिसातच कापली होती. कारण काय, तर सोडून जाणाऱ्याचं नाव टाकलं तर राहिलेल्यांना ‘चुकीचा संदेश’ जातो. हे मला तिथल्याच एका लीडने (टीमच्या प्रमुखाने) नंतर सांगितलं.

नावाची हौस म्हणून हे सांगत नाहीये. पुढे एका परदेशी स्टुडिओत माझ्या मुलाखती झाल्या, डिझाइन टेस्ट झाली, सगळं जमत आलं आणि पडताळणीला गाडी अडली. मोबीगेम्सवर (गेम आणि ते बनवणाऱ्यांची नावं नोंदवणारी साइट) त्या गेमखाली माझं नाव नाही. अनुभवपत्रावर हुद्दा ‘एक्झिक्युटिव्ह – कंटेंट’. त्यांनी फक्त एवढंच मागितलं की जुन्या कंपनीकडून कामाचं स्वरूप लिहिलेलं पत्र आणा. एचआरने उत्तर दिलं, पत्राचा फॉरमॅट ठरलेला आहे, बदलता येणार नाही, विनंती पोर्टलवर टाका. पोर्टलला लॉगिन लागतो एम्प्लॉयी आयडीचा, आणि तो शेवटच्या दिवशीच बंद झालेला. हे कळवलं तर उत्तर आलं: ‘काइंडली रेज अ टिकेट.’ तिकीट कुठे, तर त्याच पोर्टलवर! मग एचआरच्या त्या मॅडम नोकरी सोडून गेल्या, नव्यांनी पहिल्यापासून सगळं विचारलं, आणि तोवर तिकडची जागा भरली गेली. नंतर जी नोकरी मिळाली ती एक पायरी खालची होती. अजूनही तो मेल थ्रेड उघडला की डोकं फिरतं.

आर्टिस्टची निदान चित्रं असतात. डिझायनरचं काम नीट झालं तर ते दिसतच नाही. आमच्या गेममध्ये एका गोदामाची लेव्हल होती. ग्रेबॉक्स टेस्टमध्ये (नुसत्या करड्या ठोकळ्यांची कच्ची लेव्हल खेळवून बघताना) खेळणारे डावीकडचं दार सोडून उजव्या भिंतीला धडका देत बसायचे. भिंतीला आम्ही हातही लावला नाही. दारावरचा दिवा पिवळा केला, समोरचं खोकं दोन हात मागे सरकवलं, आणि आत शिरल्या शिरल्या कॅमेऱ्यात दाराचा कोपरा येईल अशी जिन्याची दिशा थोडी फिरवली. पुढच्या टेस्टमध्ये लोक सरळ दाराकडे गेले. आता हे पोर्टफोलिओत काय म्हणून दाखवणार? खोकं? प्रोड्यूसरचं तर त्याहून अवघड. वेळेत कापलेलं फीचर किंवा टळलेला घोळ, याचा स्क्रीनशॉट निघत नाही.

हे दुखणं आपल्याकडचंच आहे असंही नाही. अटारी ही जुनी अमेरिकन गेम कंपनी डिझायनरांची नावं द्यायची नाही, म्हणून तिथल्या वॉरन रॉबिनेटने ‘अ‍ॅडव्हेंचर’ या गेममध्ये एका गुप्त खोलीत स्वतःचं नाव लपवलं. तिथे पोचायला पार्श्वभूमीच्याच रंगाचा एक पिक्सेलएवढा ठिपका शोधावा लागे. १९७९ मध्ये अटारीचेच चार प्रोग्रामर बाहेर पडून अ‍ॅक्टिव्हिजन निघाली, त्यामागेही श्रेय आणि पैसा हीच दोन कारणं होती. त्यांनी गेमच्या खोक्यावर डिझायनरचं नाव छापायला सुरुवात केली. अलीकडचं बघायचं तर २०१८ च्या ‘रेड डेड रिडेम्प्शन २’च्या वेळी आधीच सोडून गेलेल्यांची नावं रॉकस्टारने गेमऐवजी वेबसाइटवर टाकली. २०२१ च्या ‘मेट्रॉइड ड्रेड’च्या वेळी मर्क्युरीस्टीमने सांगितलं की एकूण कालावधीच्या किमान २५ टक्के काम केलं असेल तरच नाव. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपन्यांतही हे कायद्याने नाही, कंपनीच्या मर्जीने चालतं. आयजीडीए या गेम बनवणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची क्रेडिटबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण ती कुणावर बंधनकारक नाहीत.

कायद्याचं म्हणाल तर मी वकील नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोकरीत केलेल्या कामाची मालकी साधारणपणे मालकाकडे जाते, आणि कलम ५७ मध्ये निर्मात्याला आपलं कर्तृत्व सांगण्याचा हक्कही आहे. शेकडो माणसांनी केलेल्या गेममध्ये एका लेव्हल डिझायनरला त्याचा कितपत उपयोग, हे वकिलालाच विचारा. माझं मत विचाराल तर नोटीस पिरियडमध्ये कलमं काढू नका. कलम दिसलं की एचआर ते मेल लीगलकडे ढकलतं आणि मग कुणीच उत्तर देत नाही.

त्यापेक्षा असं करा. एचआरला सोडा, आधी तुमच्या लीडला आणि तुमच्याकडच्या प्रोड्यूसरला मेल करा. तोंडी बोलू नका, मेलच करा. विचारायचं एवढंच: क्रेडिटची यादी कोण भरतं, कधी जाते, आणि त्यात माझं नाव ‘लेव्हल डिझायनर’ म्हणून जाईल ना. कोणकोणत्या लेव्हल्सवर काम केलं तेही त्याच मेलमध्ये लिहा आणि ‘यात काही चुकलं असेल तर सांगा’ असं शेवटी टाका. लीडने नुसतं ‘बरोबर आहे’ एवढं लिहिलं तरी तुमच्याकडे कागद झाला. बहुतेक लीड लिहितात, त्यांनाही हे भोगून झालेलं असतं. क्लायंटच्या माणसाला परस्पर मेल मात्र करू नका. करारात बहुतेक वेळा तशी बंदी असते आणि रिलीव्हिंग लेटर अडकवायला त्यांना आयतं निमित्त मिळतं.

मग अनुभवपत्र. हुद्दा बदलून मागू नका, तो पेरोलच्या ग्रेडला जोडलेला असतो, ते बदलणार नाहीत. त्याच पत्रात ‘भूमिका: लेव्हल डिझायनर’ अशी एक ओळ आणि कामाच्या तीन-चार ओळी वाढवून मागा, किंवा वेगळं पत्र मागा. मसुदा तुम्हीच टाइप करून द्या. एचआरला लिहायला लावलंत तर फॉरमॅट आडवा येतो, सही करायला दिलंत तर बऱ्याचदा होते. हे एक्झिट इंटरव्ह्यूच्या आधी हातात पाहिजे. जमलं तर लीडचं वैयक्तिक शिफारसपत्रही घ्या, खाली त्यांचा खाजगी मेल असू द्या, कारण लीडसुद्धा नोकऱ्या बदलतात.

ऑफिसच्या फायली, ग्रेबॉक्स, डॉक्युमेंट काही म्हणजे काही घरी आणू नका. एनडीएचं (गोपनीयतेच्या कराराचं) लचांड मागे लागतं आणि चांगला स्टुडिओ असलं काही दाखवणाऱ्याला घेतही नाही. पोर्टफोलिओसाठी त्याच प्रकारचा प्रश्न स्वतःच्या छोट्या लेव्हलमध्ये नव्याने सोडवा, आधीचं आणि नंतरचं दोन्ही दाखवा, इच.आयओ या गेम टाकायच्या साइटवर टाका. गेम जॅममधलं (थोड्या दिवसांत गेम बनवायच्या उपक्रमातलं) कामही चालतं. तिथे निदान नाव तुमचं तुम्हीच टाइप करता.

आता डिझायनर की प्रोड्यूसर. माझं मत थोडं कडवट आहे, ते धरून वाचा. आउटसोर्सिंगमध्ये ज्याला प्रोड्यूसर म्हणतात तो बऱ्याचदा जिरा (कामांची यादी ठेवायचं सॉफ्टवेअर) सांभाळणारा आणि क्लायंटच्या रात्रीच्या कॉलला हजर राहणारा प्रोजेक्ट मॅनेजर असतो. माइलस्टोनचा बिल्ड (ठरलेल्या टप्प्यापर्यंत बनलेला गेम) पास झाला की क्लायंट पैसे सोडतो, त्यामुळे सगळं काम त्या तारखेभोवती फिरतं. ते काम हलकं नाही, मी केलंय. पण गेममध्ये काय ठेवायचं आणि काय कापायचं हा निर्णय त्याच्याकडे नसतो. ट्रिप हॉकिन्सने १९८२ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स काढली तेव्हा प्रोड्यूसर हा शब्द सिनेमा-संगीताच्या धंद्यातून उचलला होता, आणि त्याच्या डोक्यात कलाकाराला सांभाळून काम तडीस नेणारा माणूस होता. तसली जागा हवी असेल तर स्वतःचा गेम बनवणाऱ्या टीममध्ये जा, मग ती आठ जणांची का असेना. पुण्यात तशा टीम आहेत. ‘राजी’ हा गेम इथल्याच नॉडिंग हेड्सचा; २०१७ मध्ये त्यांचं किकस्टार्टर (लोकांकडून ऑनलाइन पैसे उभारणं) फसलं, तरी २०२० मध्ये गेम आला.

मुलाखतीत एकच विचारा: मागच्या प्रोजेक्टमध्ये एखादं फीचर कापायचं कुणी ठरवलं? उत्तरात प्रोड्यूसर आला तर ती नोकरी बघण्यासारखी. ‘क्लायंटने’ असं आलं तर तुम्ही डिझायनरच राहा, निदान खोकी तरी सरकवायला मिळतील.

पगाराचं विचारलंत, त्यावर मी आकडा देणार नाही. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेम्सवर बंदी आल्यापासून तिकडची बरीच मंडळी बाजारात आली आहेत आणि माझे आकडे जुने झालेत. नवी ऑफर हातात नसेल तर आत्ताच भाव ताणू नका, एवढंच सांगेन.

लीडला पाठवायच्या मेलचा मसुदा इथेच टाका, मी बघून देईन. फक्त कंपनीचं आणि गेमचं नाव खोडून टाका. तुमच्या ऑफिसातलं कुणी ना कुणी इथे वाचत असणारच, आणि रिलीव्हिंग लेटर अजून तुमच्या हातात आलेलं नाही.