'फायनल फँटसी १५'ची कथा अर्धवट आहे असे म्हणतात. तरीही तो खेळावा का?

आपण विचारले आहे की, मालिकेतला आधीचा एकही भाग खेळलेला नसताना आणि कथेबद्दलच्या तक्रारी जागोजागी वाचलेल्या असताना 'फायनल फँटसी १५' या व्हिडिओ गेमसाठी वेळ काढावा का. माझ्या मते अवश्य काढावा. आधीचे भाग खेळलेले नसल्यामुळे काहीच अडत नाही, कारण १९८७पासून चालत आलेल्या या मालिकेत क्रमांक बदलला की बहुधा जग आणि पात्रेही बदलतात. तक्रारी मात्र खऱ्या आहेत, आणि त्या खऱ्या मानूनच मी हा गेम दोनदा पूर्ण केला आहे.

२००६मध्ये तो 'फायनल फँटसी व्हर्सस १३' या नावाने जाहीर झाला, २०१३मध्ये त्याचे नाव बदलले, दिग्दर्शन तेत्सुया नोमुरा यांच्याकडून हाजिमे ताबाता यांच्याकडे गेले, आणि लोकांच्या हातात तो पडला २९ नोव्हेंबर २०१६ रोजी. या दहा वर्षांच्या ओढाताणीच्या खुणा कथेत जागोजागी दिसतात. राजधानी इन्सोम्निया पडते ही कथेतली केवढी मोठी घटना, पण ती दाखवली आहे 'किंग्सग्लेव्ह' या चित्रपटात. गेममध्ये राजपुत्र नॉक्टिसला ती वर्तमानपत्रातून कळते. त्याची वाग्दत्त वधू लुनाफ्रेया इतकी थोडी भेटते की तिच्यासाठी जीव तुटायला अवसरच मिळत नाही. आठव्या प्रकरणापर्यंत मोकळे असलेले जग पुढे आगगाडीच्या रुळांना बांधले जाते, आणि तेराव्या प्रकरणात शस्त्रे हिरावली गेलेला नॉक्टिस एकटाच लांबलचक बोळांतून फिरत राहतो. या प्रकरणावर इतकी टीका झाली की, मार्च २०१७मध्ये त्यात नॉक्टिसचा मित्र ग्लॅडिओलस याच्या बाजूने खेळण्याचा पर्यायी मार्ग जोडला गेला. लढाईत कॅमेरा झाडीझुडपांत अडकतो आणि बेडूक शोधून आणण्यासारखी फुटकळ कामे फार आहेत, हेही मान्य केले पाहिजे.

असे असूनही हा गेम मला इतका का आवडतो, तर चार मित्रांचा रोजचा दिवस त्याने फार मन लावून रचला आहे म्हणून. नॉक्टिस, ग्लॅडिओलस, इग्निस आणि प्रॉम्प्टो रेगालिया गाडीतून फिरतात. दिवसभर लढून मिळवलेला अनुभव, म्हणजे पात्रांचे बळ वाढवणारे गुण, लगेच पदरात पडत नाही, रात्री कुठेतरी झोपल्यावरच तो मोजला जातो. त्यामुळे दिवस मावळला की, मुक्कामाची जागा शोधणे भागच पडते. उघड्यावर तंबू ठोकला तर इग्निस स्वयंपाक करतो, त्या जेवणाचे बळ दुसऱ्या दिवशी लढताना मिळते, आणि प्रॉम्प्टोने दिवसभरात काढलेले फोटो चौघे मिळून बघतात. गॅल्डिन की येथील हॉटेलात दहा हजार गिल (गेममधले पैसे) मोजले तर अनुभव दुप्पट होतो, पण इग्निसच्या हातचे जेवण मिळत नाही. मी बहुतेक वेळा तंबूच निवडला.

मी वेंगुर्ल्याचा. गणपतीला मुंबईहून आलेल्या आतेभावाने या गेमची डिस्क आणली होती. तो परत गेला, डिस्क माझ्याकडे राहिली. गॅल्डिन की हे ठिकाण समुद्रालाच लागून आहे, आणि तिथल्या धक्क्यावर नॉक्टिस गळ टाकून उभा राहतो तेव्हा मला आमच्या बंदरावरच्या संध्याकाळी आठवतात. गरीला, म्हणजे गळाला, सुंगट (कोळंबी) लावून गरवायला बसलेल्या माणसाला ठाऊक असते की, मासा लागल्यावर घाईने दोर ओढला तर तो तुटतो. मासा ज्या बाजूला ओढ घेतो तिकडे त्याला थोडे जाऊ द्यावे लागते. इथेही तसेच आहे. मासा ज्या दिशेला झेपावतो त्या दिशेला कंट्रोलरची काडी वळवावी लागते, दोराची ताकद हळूहळू कमी होत असते, आणि एवढे करून हाती आलेला मासा रात्री इग्निसच्या तव्यावर जातो. एका मोठ्या माशासाठी मी तिथे किती वेळ घालवला असेल याचा हिशेब नाही, आणि त्या वेळेत कथा तसूभरही पुढे सरकली नाही याचे मला मुळीच वाईट वाटले नाही.

म्हणून आपणही पहिली आठ प्रकरणे सावकाश खेळावीत. पुढे उम्ब्रा नावाच्या कुत्र्याच्या मदतीने मागच्या दिवसांत परतता येते, परंतु तोवर कथेचा सूर बदललेला असतो आणि ती पहिली निश्चिंती पुन्हा तशी वाटत नाही. दहाव्या प्रकरणात जायबंदी झालेला इग्निस काठी टेकत मागून येतो आणि आपण भरभर पुढे गेलो की ग्लॅडिओलस रागावतो. ज्याने त्याच्या हातची जेवणे पोटभर घेतली आहेत त्याला तिथे आपोआपच पावले आवरावीशी वाटतात. अखेरच्या लढाईआधी प्रॉम्प्टोच्या फोटोंतला एकच फोटो सोबत न्यायला सांगतात, त्या वेळीही निवडण्याजोगे काही आपल्याजवळ असायला हवे. मी धक्क्यावरचा निवडला.

गेम सुरू करण्यापूर्वी 'किंग्सग्लेव्ह' पाहून घ्यावा, म्हणजे वर्तमानपत्राचा तो प्रसंग कोरडा जाणार नाही. विकत घेताना २०१८ची 'रॉयल एडिशन' घ्यावी; ग्लॅडिओलस, प्रॉम्प्टो आणि इग्निस यांची स्वतंत्र उपकथानके तिच्यात आलेली आहेत. खलनायक आर्डिनचे उपकथानक २०१९मध्ये आले, ते मात्र वेगळे घ्यावे लागते.