आधी पाहू द्या, मग बोलू द्या

ताई, बाबांची वाचा गेलीय म्हणून ‘हे काय, ते काय’ विचारत त्यांची परीक्षा घेऊ नका. आमच्या ह्यांची वाचा गेली तेव्हा मीही तेच केलं. ते चिडून तोंड फिरवायचे. त्यापेक्षा समोर बसून संत्रं सोला, सावकाश, साल सुटताना दिसू द्या. मग थांबा. ‘सो...’ एवढंच म्हणा. १९९० च्या दशकात इटलीतल्या पार्मात माकडांच्या मेंदूत कृती करताना आणि नुसती पाहतानाही जाग्या होणाऱ्या पेशी सापडल्या. कृती दाखवून शब्द आठवून देण्याच्या ह्या उपचाराला आधार तिथला. क्रियापदं आठवायला काहींना मदत होते, सगळ्यांना नाही. स्पीच थेरपी मात्र सोडू नका. ह्यांचा पहिला शब्द? ‘ओत’. पोह्यांवर तर्री ओतत होते मी. नागपूरचाच माणूस!