ड्रमर उशिरा का येतो?

‘बँड मी एकटाच ओढतोय. सोडला तर बँड संपेल, नाही सोडला तर माझी नोकरी जाईल आणि ठरलेलं लग्नही मोडेल.’ तिशीच्या आसपासची मुलं ही तक्रार घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येत असतात. कुणाचा नाटकाचा ग्रुप असतो, कुणाचं ढोलपथक, कुणाचा भागीदारीतला कॅफे. या वेळी हेवी मेटल बँड होता. चौघांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहितेय. नावांऐवजी वाद्यांनीच ओळखू.

गिटारवाला हिंजवडीत आयटीत. बँड कॉलेजपासूनचा. जॅमरूम म्हणजे सरावाची खोली बुक करायची, तासाचं भाडं आधी खिशातून भरायचं, गिग म्हणजे कार्यक्रम मिळवायचा, पोस्टर करायचं, सामानासाठी टेम्पो बघायचा, सगळं याच्या गळ्यात. पहिल्याच भेटीत त्याने बँडचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडून फोन माझ्यापुढे धरला. स्क्रीनभर याचेच मेसेज. ‘रविवारी चारला फिक्स ना?’ ‘ॲडव्हान्स भरू का?’ ‘अरे कुणीतरी बोला.’ खाली गायकाचा एक अंगठा. ड्रमरने सगळं वाचलेलं, उत्तर नाही.

“मॅडम, तो मनाने केव्हाच बाहेर पडलाय. दर वेळी पाऊण तास उशीर, आणि आला की चिडलेला.”

“त्याला विचारलंस?”

“विचारायचं काय त्यात? दिसतंय की.”

मला या संगीतातलं ओ की ठो कळत नाही. मी ‘ओरडणं’ म्हटलं की तो न चिडता ‘ग्राउल’ अशी दुरुस्ती करायचा. पण त्याने समजावलेली एक गोष्ट पुढे फार उपयोगी पडली. यांच्या गाण्यांत ड्रमर दोन्ही पायांनी बेस ड्रम वाजवतो. लय मिनिटाला १८० मात्रांची, आणि एका मात्रेत चार ठोके; म्हणजे सेकंदाला १२. गिटारचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा, त्याच ठोक्यांवर बसवलेला असतो. पाय जरा अडखळला की सगळं गढूळ ऐकू येतं, झाकता येत नाही. पंधरा दिवस सराव नसला तर पाय जड पडतात. बदली माणूस आणावा तर आडव्यातिडव्या तालांची गाणी बसवण्यात महिने जातात.

पुढच्या भेटीला चौघांनाही बोलावलं. ड्रमर वेळेवर आला. बसल्या बसल्या त्याची बोटं मांडीवर चाललेली.

त्याने कर्ज काढून तळेगावात फ्लॅट घेतलाय. तिथे खरा ड्रमसेट वाजवणं शक्यच नाही, म्हणून इलेक्ट्रॉनिक घेतला. हेडफोन लावले की आवाज नाही, असं त्याला वाटलं होतं. पण पॅडलची धडधड स्लॅबमधून खालच्या घरात उतरायची. खालच्या काकांनी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे तक्रार केली आणि सेट खोळ घालून कोपऱ्यात गेला. “जॅमला पहिलं गाणं तेच घेतात, सगळ्यात फास्ट,” तो खाली बघत म्हणाला. “माझे पाय चालत नाहीत आता. उशिरा आलं की तेवढं टळतं.”

गिटारवाला बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “अरे, मग लय कमी केली असती ना.”

बेपर्वाई म्हणून जी दिसते तिच्यात लाज किती असते, हे मी जोडप्यांमध्येही बघते. जो सगळं ओढतो त्याच्यापुढे ‘मला जमत नाहीये’ म्हणणं फार जड जातं, आणि तो जितकं जास्त ओढेल तितकं जास्त जड जातं. म्हणून गिटारवाल्याला मी कामं कमी करायला सांगितली ती त्याच्या दमण्यासाठी कमी, बाकीच्यांना तोंड उघडायला जागा मिळावी म्हणून जास्त.

मग श्रेयाचं निघालं. बासवाल्याने, म्हणजे बास गिटार वाजवणाऱ्याने काढलं. गाण्यांवर संगीतकार म्हणून एकट्या गिटारवाल्याचं नाव. पैसा जवळपास शून्य, पण नाव ते नाव. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला चांगलं संरक्षण दिलंय, मात्र बँडमध्ये संगीतकार कोणाला म्हणायचं ते आपसातच ठरवावं लागतं. ब्लॅक सॅबथ या जुन्या ब्रिटिश मेटल बँडच्या सुरुवातीच्या गाण्यांचं श्रेय चौघांच्या नावावर असायचं, जरी रिफ गिटारवाल्या टोनी आयोमीचे आणि शब्द बहुतेक बासवाल्या गीझर बटलरचे असले तरी. एवढं करूनही १९७९ मध्ये त्यांनी गायक ऑझी ऑस्बॉर्नला काढलंच. तेव्हा समान वाटा हा काही रामबाण नाही. ‘आपण फॅमिली आहोत’ म्हणून हिशेब टाळणं मात्र मला अजिबात पटत नाही.

मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडचं उदाहरण चौघांना तोंडपाठ होतं. २००१ मध्ये बासिस्ट जेसन न्यूस्टेड बाहेर पडला, गायक जेम्स हेटफिल्ड व्यसनमुक्तीसाठी गेला, आणि बँडने एकमेकांशी बोलण्यासाठी माणूस नेमला, फिल टाउल. तो पुढे गाण्याच्या ओळीही सुचवायला लागला, जे आमच्या धंद्यात कुणीच करू नये. पण परतल्यावर हेटफिल्डने घातलेली अट मला आवडते: काम दुपारी १२ ते ४, नंतर नाही. यांनीही तसंच काहीसं केलं. एक रविवार आड जॅम, चार ते सात. भांडण जॅमरूममध्ये काढायचं नाही, तिथे भाडं चालू असतं. त्यासाठी आधी चहा. भाडं चौघांत. वेगवान गाणं शेवटी, आणि आधी १६० वर. ड्रमर आता कामावरून येताना तासभर जॅमरूममध्ये एकटा सराव करतो, त्या तासाचे पैसे बँडच्या खात्यातून.

एवढा त्रास कशासाठी, असं मी गायकाला विचारलं. तो बँकेत आहे. “दिवसभर काउंटरवर ‘हो सर, हो मॅडम’ चालू असतं,” तो हसला. “आणि मॅडम, समोर चाळीसच लोक असले तरी मध्येच सगळं थांबून चौघांचा ठोका एकाच क्षणी पडतो ना, ते एकट्याने कितीही वाजवलं तरी मिळत नाही.”

बासवाला तरीही गेला. त्याच भेटीत त्याने सांगून टाकलं की त्याला आता यात राहायचं नाही. डिसेंबरपर्यंतचे गिग वाजवीन, नव्या पोराला गाणी शिकवीन, मग थांबेन. गिटारवाल्याला ते लागलं. पण या वेळी त्याने ग्रुपवर मेसेज टाकला नाही, थेट फोन केला. नव्या बासवाल्याची सात गाणी बसली आहेत. जॅमरूम आता ड्रमर बुक करतो, आणि दोनदा विसरलाही.