मुलींना पळायला शिकवायचंय, फुकट. पण मी कोच नाही. सुरुवात कशी करू?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही आयटीत आहात, स्वतः दहा किलोमीटर पळता, घराजवळच्या वस्तीतल्या १० ते १३ वयाच्या मुलींना वीकेंडला पळायला शिकवायचंय, आणि त्यासाठी कुठला कोर्स लागतो का.

कोर्सचं आधी उरकते. नाही लागत. पतियाळाच्या एनआयएसचा (सरकारी क्रीडा संस्था) डिप्लोमा, वर्ल्ड अॅथलेटिक्सच्या लेव्हल्स वगैरे आहेत, पण ते खेळाडू घडवणाऱ्यांसाठी, तुम्हाला आत्ता त्याचा काही उपयोग नाही. अमेरिकेत गर्ल्स ऑन द रन म्हणून एक संस्था आहे, १९९६ मध्ये शार्लट शहरात १३ मुलींना घेऊन सुरू झाली, तिथे आजही शिकवणारे बहुतेक व्हॉलंटिअरच असतात, आणि स्वतः रनर असायला हवं अशी अट पण नाही. फर्स्ट एडचा एक दिवसाचा क्लास मात्र करून टाका. आणि स्वतःचं पोलीस व्हेरिफिकेशन, कोणी मागितलं नाही तरी. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, तो एकदा नीट वाचा, आणि पहिल्या दिवसापासून सोबत अजून एक मोठं माणूस ठेवा, एकटीने कधीच घेऊ नका. मुलींचे फोटो इन्स्टावर टाकायचे नाहीत, आईबापांनी हो म्हटलं तरी.

आता खरं काम. मी २०१७ पासून पुण्यात तळजाईच्या टेकडीवर पर्वती पायथ्याच्या मुलींना घेते (मध्ये कोरोनात बंद होतं), आणि मला वाटायचं की शिकवायचं म्हणजे वॉर्मअप, टेक्निक, श्वास, हात कसे हलवायचे. पहिल्या महिन्यातच कळलं की पळता सगळ्यांना येतं, प्रश्न त्या तिथपर्यंत पोचतील का एवढाच आहे. कोचिंगमधला निम्म्याहून जास्त वेळ मी "आज ती का नाही आली" हे शोधण्यात घालवलाय.

मी मोठ्या हौसेने सकाळी साडेसहाची वेळ ठेवली होती. आपल्याला काय, तीच रनिंगची वेळ ना. पहिल्या रविवारी १४ मुली, दुसऱ्या रविवारी ५. मी चिडले, म्हटलं यांना सिरीयसनेस नाही. मग एकीने सांगितलं, ताई सकाळी पाणी येतं. पाणी भरायचं काम मुलींचं, भावांचं नाही, आणि सात वाजता नळ जातो. म्हणजे मी बरोब्बर हंड्याच्या रांगेची वेळ निवडली होती! धावपटू कविता राऊत सावरपाड्यात पाण्यासाठी पायपीट करून तयार झाली हे भाषणात ऐकायला छान वाटतं, पण चार हंडे वाहून आलेल्या ११ वर्षांच्या मुलीला वर टेकडीवर पळवणं मला काही जमलं नाही. रविवारी आठची वेळ केली. शनिवारी शाळा सकाळची असते त्यामुळे दुपारी साडेचार, कारण संध्याकाळी उशिरा ठेवलं तर डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्यानंतर कुठलीच आई पाठवत नाही, मी पण पाठवली नसती. तर वेळ ठरवायच्या आधी वस्तीत जाऊन चार आयांना विचारा. ग्राउंड बघताना ट्रॅक नंतर बघा, आधी जवळपास वापरता येईल असं टॉयलेट आहे का ते बघा. ते नसलं की मोठ्या मुली दोन आठवड्यात गळतात आणि कारण कोणी सांगत नाही.

धाकट्या भावंडांचं पण ठरवून ठेवा. आमच्याकडे दोन मुली कडेवर भाऊ घेऊनच यायच्या. मी एक सतरंजी आणि खडू नेते, पोरं तिथे बसतात, दुसरी ताई लक्ष ठेवते.

पळण्याचं म्हणाल तर मुलं मोठ्यांसारखी पळत नाहीत. एक दोन तीन म्हटलं की सुसाट सुटतात आणि दोनशे मीटरवर पोट धरून उभ्या. "हळू पळा" सांगून उपयोग शून्य. हळू म्हणजे किती ते त्यांना कळतच नाही. मी मग तेराचा पाढा म्हणायला लावला. पळता पळता सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचा. तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक एकोणचाळीस... पाढा तुटला की वेग जास्त आहे, चालायला लागा, दम आला की परत पहिल्यापासून. (पाढाच येत नसेल तर कविता म्हणू दे, पण तेराचा का तर तो अर्ध्या जणींना येत नव्हता, आता सगळ्यांना येतो, शाळेतल्या बाई खूश.) सुरुवातीला एक मिनिट पळणं दोन मिनिटं चालणं असं वीसेक मिनिटं, आठवड्यातून दोनदाच, आणि हळूहळू पळणं वाढवत न्यायचं. दहा-बारा आठवड्यात बहुतेक मुली न थांबता तीन किलोमीटर पळतात, काही पाच. त्याहून जास्तीची घाई नको. बऱ्याच रेसमध्ये हाफ मॅरेथॉनला वयाची अट १८ असते. टाचेच्या मागे दुखतंय म्हणाली तर तेल चोळून परत पळवू नका, या वयात तिथलं हाड अजून वाढत असतं, दुखणं थांबेपर्यंत आराम.

माझी मोठी चूक म्हणजे स्टॉपवॉच. तिसऱ्याच आठवड्यात सगळ्यांचे टायमिंग घेऊन वहीत लिहिले आणि शहाणपणा करून वाचून दाखवले. शेवटी आलेली मुलगी, सगळ्या तिला चिमणी म्हणायच्या, पुढच्या वेळी आलीच नाही. घरी गेले तर दाराआड लपली. आई म्हणाली, "शाळेत पण शेवटची, तिकडं पण शेवटची, कशाला यायचं तिनं." मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर आम्ही वेगळंच करतो. सगळ्या एकदम निघतात, जिला जसं जमेल तसं, तीन मिनिटांनी मी शिट्टी मारते, आणि शिट्टी वाजली की जिथे असाल तिथून उलटं फिरायचं आणि त्याच वेगाने परत. म्हणजे जी सगळ्यात पुढे गेली तिला सगळ्यात लांबून यायचंय आणि जी मागे रेंगाळली ती एकदम पुढे! निघालेल्या जागी सगळ्या साधारण एकदमच पोचतात. आणि जी सुरुवातीला सुसाट सुटते ती येताना आपोआप मागे पडते, त्यामुळे वेग सांभाळायचा हे मला ओरडून सांगावं लागत नाही. चिमणीला परत आणायला तीन चकरा लागल्या. पहिल्यांदा हा प्रकार केला तेव्हा ती येताना पुढे होती आणि सारखी मागे वळून बघत होती, कोणी मागे आहे यावर तिचा विश्वासच बसत नव्हता.

दुसरी चूक याहून वाईट. सातवीतली एक मुलगी पाच मिनिटात धापा टाकायची आणि बसायची. मी सगळ्यांसमोर म्हटलं, ढोंग करू नकोस. महिन्याने मनपाच्या दवाखान्यात तपासलं तर हिमोग्लोबिन आठच्या आसपास, म्हणजे खूपच कमी. सरकारी सर्व्हे आहे ना, एनएफएचएस-५ चा, २०१९-२१ चा, त्यात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना अॅनिमिया (रक्त कमी) निघालाय. तुमच्या मुली त्याहून लहान आहेत, तरी दहांत अशा दोन-चार असणारच असं धरूनच चाला. शाळेत आठवड्याला निळी लोहाची गोळी देतात, ती बऱ्याच जणी खिशात घालून फेकून देतात कारण मळमळतं. जेवणानंतर घ्या आणि लगेच वर चहा पिऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही, एवढं दोन-तीनदा सांगितलं की फरक पडतो. त्या मुलीला मी सॉरी म्हटलं, सगळ्यांसमोर. मोठ्या माणसाने सॉरी म्हटल्याचं त्यांना फारच नवल वाटलं.

पाळी आणि आतल्या कपड्यांबद्दल तुम्हालाच बोलावं लागेल, दुसरं कोणी बोलत नाही. बारा-तेराच्या मुली अचानक यायच्या बंद होतात त्यातलं हे एक मोठं कारण. मी आयांना वेगळं बसवून बोलते, मुलींशी वेगळं. पहिल्यांदा माझीच त-त-प-प झाली होती. बॅगेत पॅड्स कायम ठेवा आणि मागावे लागणार नाहीत अशा कप्प्यात ठेवा. बुटांचं म्हणाल तर शाळेचे पीटीचे कॅनव्हास सुरुवातीला चालतात, तळजाईच्या मातीवर तर चालतातच, डांबरी रस्त्यावर नको. दादाचे दोन नंबर मोठे बूट पेपर कोंबून घालून येतील, तेवढं बघा.

अजून एक. त्यांना कोण दाखवायचं? मी फोनवर ललिता बाबर दाखवली. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची (अडथळ्यांच्या शर्यतीची) फायनल पळाली, दहावी आली. मी भारावून सांगत होते आणि मुलींचा प्रश्न, ताई, त्या पाण्यात का उड्या मारतायत? मग सांगितलं की त्या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्यातल्या उड्या असतात. त्या वर्षीचा अख्खा पावसाळा आमचा डबक्यांवरून उड्या मारण्यात गेला, घरी चिखल घेऊन गेल्या, दोन आयांची बोलणी मी खाल्ली.

सुरुवातीला आठ-दहा मुलीच घ्या. दोन महिने एकही वीकेंड बुडवू नका, ट्रिप असली तरी. तुम्ही एकदा नाही आलात की "ताई येणारच नाही" असं धरून अर्ध्या जणी पुढच्या वेळी येत नाहीत, मी एका लग्नापायी भोगलंय. बॅगेत पाणी, गूळ-शेंगदाणे, शिट्टी, क्रेप बँडेज, आणि सेफ्टी पिना भरपूर. ओढणी, उसवलेली पँट, तुटलेला चपलेचा पट्टा, सगळ्याला पिनच लागते, आणि दर वेळी एक तरी कमीच पडते.