लग्नाआधी मुलीचा चष्मा लेसर ऑपरेशनने घालवावा का?

मुलगी १९ वर्षांची, नंबर मायनस ५, पाहुणे यायला लागलेत, तेव्हा लेसर करून घ्यावं का आणि कोणती पद्धत चांगली, असं तुम्ही विचारलंय. पद्धतीचं नंतर. आधी असा डॉक्टर शोधा जो तपासून ‘नाही’ म्हणू शकतो. लगेच तारीख देणाऱ्याकडे जाऊ नका.

मी राळेगाव तालुक्यातली. माझंही लग्न जमवायचं होतं तेव्हा आत्याने घर डोक्यावर घेतलं. ‘चष्मेवाली पोट्टी कोन पसंत करन?’ बाबांनी कापूस विकला आणि मला घेऊन नागपूर गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी नंबर काढला, पेंटाकॅम मशीनवर कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेचा, नकाशा काढला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘डोळे चोळतेस का?’ चोळायचेच. कापूस वेचणीच्या दिवसांत खाज सुटायची आणि सिलेंडर, म्हणजे तिरका नंबर, दर खेपेला बदलायचा. गावात ते कुणाला महत्त्वाचं वाटलं नव्हतं. डॉक्टरांनी बाबांना नकाशा दाखवून सांगितलं, केराटोकोनसची सुरुवात आहे, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतोय, हिला लेसर करायचं नाही.

कारण साधं आहे. कॉर्निया मधोमध अर्ध्या मिलिमीटरहून थोडाच जाड असतो. मायनस नंबर घालवायचा म्हणजे त्यातलाच थर लेसरने काढायचा. नंबर जितका मोठा, तितका थर जास्त जातो. माझा कॉर्निया आधीच कमजोर होऊन पुढे यायला लागला होता. तो आणखी पातळ केला असता तर अजून फुगला असता. मग चष्म्यानेही नीट दिसत नाही, कडक लेन्स लावावी लागते आणि फारच बिघडलं तर दान केलेल्या डोळ्याचा कॉर्निया बसवायची वेळ येते.

आत्याला हे पटलं नाही. ‘भेकड हाय तो डॉक्टर. पैसे देऊन राह्यलो तरी नाही म्हनते म्हंजे काय?’ तिच्या हट्टापायी दुसऱ्या एका ठिकाणी गेलो. तिथे नंबर काढला आणि सरळ तारीख दिली, वर सवलतही. बाबांनी नागपूरचा रिपोर्ट पुढे केला तर ‘काही होत नाही’ म्हणाले, कागद उघडलाही नाही. बाबा उठले. बाहेर आल्यावर आत्याला म्हणाले, ‘पोरीचा डोळा हाय बाई. वावर एका साली नाही पिकलं त दुसऱ्या साली पाह्यता येते.’

नंतर नागपूरलाच माझं सी थ्री आर झालं. रायबोफ्लेविनचे थेंब टाकून अतिनील किरण देतात, त्याने कॉर्निया कडक होतो. नंबर गेला नाही, पण वाढायचा थांबला. पुढे पाहुणे आले तेव्हा आत्या म्हणाली चष्मा काढून पोहे ने. मी काढला नाही. लग्न चष्म्यासकट झालं आणि आज मी सेवा केंद्रात दिवसभर संगणकावर सातबारे काढून देते. आत्या अजूनही सांगत फिरते की तेव्हा करून घेतलं असतं तर याहून चांगलं स्थळ मिळालं असतं. जी माणसं चष्मा पाहून मुलगी नाकारतात, त्यांच्या घरी मुलगी द्यायचीच कशाला, हे तिला मी तेव्हाही विचारलं होतं आणि आता तुम्हालाही विचारते.

लेसर वाईट आहे असं मात्र समजू नका. कॉर्निया चांगला असेल तर मायनस ५ नंबर सहसा लेसरने जाण्यासारखा असतो. वय १८ च्या वर असावं आणि निदान वर्षभर नंबर बदललेला नसावा. तुमची मुलगी १९ची, म्हणून आधी तिचे जुने चष्म्याचे कागद काढून पाहा. लेसिकमध्ये कॉर्नियाची पातळ झडप उचलून खाली लेसर देतात. स्माइलमध्ये झडप नसते, बारीक छेदातून आतला तुकडा काढतात. पीआरकेमध्ये लेसर वरच्यावर होतं, दुखतं जास्त आणि नजर स्थिरावायला वेळ लागतो. यातलं कोणतं हे तपासणीवरून ठरतं, जाहिरातीवरून नाही. खर्चही पद्धतीप्रमाणे बदलतो. लेन्स वापरत असेल तर तपासणीआधी किती दिवस बंद ठेवायची ते विचारून घ्या, नाहीतर नकाशा चुकीचा येतो. कॉर्निया पातळ निघाला तर डोळ्याच्या आत बसवायची लेन्सही असते.

ऑपरेशननंतर काही महिने डोळे कोरडे पडतात. तेव्हा कापसाची धूळ, फवारणी आणि डोळे चोळणं टाळायचं, म्हणून वेचणीच्या हंगामात करू नका. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना करत नाहीत. नंबर गेला तरी मोठ्या मायनसचा डोळा आतून लांबटच राहतो, त्यामुळे डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची) तपासणी सुटत नाही. ऑपरेशनआधीचे रिपोर्ट जपून ठेवा. म्हातारपणी मोतीबिंदूच्या लेन्सचा नंबर काढताना डॉक्टर तेच मागतात.

आणि मुलीला विचारलंत का? तुमच्या अख्ख्या प्रश्नात तिचं म्हणणं कुठेच नाही. तिला चष्म्याचा त्रास होत असेल तर जरूर तपासायला न्या. त्रास फक्त पाहुण्यांना होत असेल तर नेऊ नका.